संसार मोडला, हिशेब मोडू नका

सदर : घरचा जमाखर्च



गेल्या रविवारी सकाळची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक ताई पुढे आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत चौघडी घातलेला शंभर रुपयांचा स्टँप पेपर. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावून जपलेला.

"दादा, ही सही तुमचीच ना?" ताईंनी विचारले.

सही आमचीच होती. एवढेच नव्हे, तर वरचा सगळा मजकूरही आमच्याच हस्ताक्षरातला होता. अकरा वर्षांपूर्वी या ताईंचा आणि त्यांच्या नवऱ्याचा बेबनाव झाला. समितीपुढे बैठक बसली. आम्ही तेव्हा समितीचे चिटणीस. बी.कॉम. झालेले, कचेरीत हिशेबाचे काम करणारे, म्हणून मसुदा लिहिण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. त्या रात्री आम्ही जे लिहिले ते असे : उभयतांनी राजीखुशीने फारकत घेतली आहे, मुलीने रोख रुपये ४०,००० घेतले आहेत, भांडी परत मिळाली आहेत, यापुढे उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिलेला नाही. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यातले एक आम्ही. भांडण मिटवले म्हणून आम्हाला त्या रात्री समाधान वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे.

ताई म्हणाल्या, "पोरगी बारावीला हाय, पोरगा नववीला. फीला पैसे नाहीत. त्यांनी दुसरं लगीन केलं. आता झोपड्यांच्या जागी इमारत झाली, तर खोलीवर तिचं नाव लागलं. मी इचारायला गेले तर हा कागद दाखवत्यात. तुम्ही लिवलंय, तर तुम्हीच सांगा, माझं त्यात काय?"

आम्ही उत्तर दिले नाही. घरी येऊन कागद पेन्सिल घेतली. ४०,००० रुपये भागिले अकरा वर्षांचे १३२ महिने. महिन्याला ३०३ रुपये. एक बाई आणि दोन लेकरे यांच्या अन्न, वस्त्र, भाडे, शाळा आणि औषधपाण्यासाठी महिन्याला ३०३ रुपये, म्हणजे दिवसाला दहा रुपये. कचेरीत एका रुपयाचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसून शोधणारे आम्ही, आणि हा फरक आम्हाला अकरा वर्षे दिसला नाही. आजचे सदर आम्ही त्याच कारणासाठी लिहीत आहोत. आमच्यासारखे चिटणीस, पंच, साक्षीदार आणि 'चार शहाणे लोक' प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांनी हे वाचावे, आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांनी जपून ठेवावे.

स्टँप पेपर म्हणजे घटस्फोट नव्हे

पहिली गोष्ट. बौद्धांना विवाहाच्या बाबतीत कोणता कायदा लागतो, असे पुष्कळ जण विचारतात. आपला विवाह बौद्ध पद्धतीने झालेला असला तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ यातील दुसऱ्या कलमानुसार तो कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. नाव काही असो, घटस्फोट आणि पोटगी आपल्याला आजमितीस त्याच कायद्याखाली मिळते. (नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केले असेल तर तो कायदा लागतो.) पत्नीला घटस्फोट व मालमत्तेचा अधिकार मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी केवढी झुंज दिली आणि ते बिल रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. राजीनाम्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले तो हक्क आम्ही शंभर रुपयांच्या कागदावर सोडून द्यायला लावला!

या कायद्याप्रमाणे घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. नोटरीला नाही, वकिलाला नाही, पोलीस ठाण्याला नाही आणि विहार समितीलाही नाही. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा तिला जागा देतो हे खरे, पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते. 'आमच्यात असेच चालते' एवढे म्हणून भागत नाही. सबब, या ताई कायद्याने आजही त्या गृहस्थाच्या पत्नी आहेत. त्याचे दुसरे लग्न कायद्याने शून्य ठरते. म्हणजे आमच्या कागदाने एकीचे नव्हे, दोघींचे नुकसान झाले. त्या दुसऱ्या बाईलाही 'याचा घटस्फोट झालेला आहे' असे सांगूनच उभे केले असणार. तिची मुले मात्र कायद्याने औरस धरली जातात, हे लक्षात ठेवावे. लेकरांचा यात काहीच दोष नसतो.

दोघांनाही खरोखर वेगळे व्हायचे असेल तर सरळ मार्ग आहे. परस्पर संमतीने घटस्फोट, कलम १३-ब. एक वर्ष वेगळे राहिलेले असले पाहिजे. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. हे सहा महिने योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. पोटगी किती, मुले कोणाकडे, घर कोणाचे, दागिने केव्हा द्यायचे, हे सगळे अटींमध्ये लिहायचे. तोच कागद, पण न्यायालयाच्या शिक्क्याचा. उद्या कोणी शब्द फिरवला तर अंमलबजावणी करता येते.

पोटगीचे तीन दरवाजे

पोटगी म्हणजे दया नव्हे, भीक नव्हे, आणि नवऱ्याला दिलेली शिक्षाही नव्हे. दोघांनी मिळून उभ्या केलेल्या संसारातून एक जण रिकाम्या हाताने बाहेर पडू नये, ही व्यवस्था आहे. तिचे तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४. जुने लोक ज्याला 'एकशेपंचवीस' म्हणतात तेच हे कलम. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि क्रमांक बदलला. पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडील यांना यातून दरमहा रक्कम मागता येते. घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केले नसेल तर तिलाही. पूर्वी यात ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली काढून टाकली. खटला संपेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते, आणि तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदाच सांगतो.

दुसरा दरवाजा : हिंदू विवाह कायदा, कलम २४ आणि २५. घटस्फोटाचा दावा चालू असताना खर्चासाठी कलम २४, आणि निकालाच्या वेळी किंवा नंतर कायम पोटगीसाठी कलम २५. येथे एक गोष्ट बंधूंनी लक्षात घ्यावी. ही दोन्ही कलमे पती आणि पत्नी दोघांनाही आहेत. पत्नी चांगल्या नोकरीत आणि पती अंथरुणाला खिळलेला असेल तर तोही मागू शकतो.

तिसरा दरवाजा : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५. मारहाण, शिवीगाळ, पैशाची कोंडी, घराबाहेर काढणे, हे सगळे त्यात येते. यात पोटगीबरोबर राहत्या घराचा आदेशही मागता येतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा सुनेचा राहण्याचा संबंध नाही, असे पूर्वी सांगत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो समज दूर केला. ज्या घरात ती नांदली ते सासऱ्याच्या नावावर असले तरी ते 'सामाईक घर' ठरू शकते. अर्थात हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. दोन्हींत गल्लत करू नये.

एकाहून जास्त दरवाजे ठोठावले तर दुसऱ्या ठिकाणी मिळणारी रक्कम उघड सांगावी लागते, आणि न्यायालय ती वजा धरते. लपवले तर आपलीच बाजू पडते.

पत्नी चार घरी स्वयंपाक करून दहा-अकरा हजार मिळवते, मग पोटगी कशाला, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. पत्नीला थोडेफार मिळते म्हणून तिचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे. तिची कमाई हिशेबात धरली जाते, पण हक्क जात नाही. तसेच 'नांदायला ये' असा हुकूमनामा नवऱ्याने मिळवला आणि ती गेली नाही, तरी न जाण्यास योग्य कारण असेल तर पोटगी मिळू शकते, हे जानेवारी २०२५ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. आणि बंधूंनो, नोकरी सोडून 'मी बेकार आहे' असे म्हणण्याची युक्ती चालत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना कुटुंबाचे पोषण केले पाहिजे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

पगारपत्रक वाचायला शिका

आता आमच्या हातचे काम. पोटगीचे निम्मे भांडण 'हातात किती येतात' यावर होते. खालचा हिशेब उदाहरणादाखल आहे.

समजा, एका कामगाराचा एकूण पगार ३८,००० रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधी २,८८० आणि व्यवसाय कर २०० जातो. या सक्तीच्या वजावटी. बाकी राहिले ३४,९२०. पण तो पगारपत्रक पुढे करून म्हणतो, 'हातात फक्त २३,४२० येतात.' कसे? पतपेढीच्या कर्जाचा हप्ता ९,००० आणि विम्याचा हप्ता २,५००. या वजावटी त्याने स्वतःहून लावून घेतल्या आहेत. कर्ज काढून मोटारसायकल घेतली, विम्याचे पैसे पुढे त्यालाच मिळणार, आणि त्याचा भार मुलांच्या ताटावर टाकायचा, हे न्यायालये सहसा मान्य करीत नाहीत. कर आणि सक्तीचा निधी वजा जाता जे उरते ते खरे उत्पन्न.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीच्या पोटगीसाठी रास्त मानली होती. हा काही सर्वांना लागू असा पक्का दर नाही. दोघांचे उत्पन्न, राहणीमान, मुले, वृद्ध आईवडील, आजारपण, संसार किती वर्षांचा, हे सगळे पाहिले जाते. पण अंदाज बांधायला आकडा उपयोगी आहे. ३४,९२० चा चौथा हिस्सा ८,७३० होतो. २३,४२० चा ५,८५५. फरक महिन्याला २,८७५, वर्षाला ३४,५००. एक ओळ नीट वाचली नाही तर वर्षाला एवढे नुकसान. मुलांचा खर्च यापेक्षा वेगळा मागायचा असतो.

आता कोणालाही अंदाजपंचे बोलता येत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, जे नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. त्यानुसार पोटगीच्या प्रकरणात पती व पत्नी दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचे शपथपत्र दिले पाहिजे. खोटे लिहिले तर कारवाई होऊ शकते. याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट ठरली : पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. निकालाला दोन वर्षे लागली तरी ती दोन वर्षे बुडत नाहीत. पण याचा दुसरा अर्थही वाचा. अर्ज केला नाही त्या काळाची पोटगी या हुकुमात येत नाही. आमच्या ताईंची अकरा वर्षे अशीच गेली. आमच्या कागदामुळे त्या न्यायालयाची पायरी चढल्या नाहीत, ही आमच्या खात्यावरची सर्वांत मोठी नावे बाजू आहे.

एकरकमी की दरमहा?

'कटकट नको, एकदाच तीन लाख घे आणि मोकळी हो', असा आग्रह धरला जातो. तीन लाख ऐकायला मोठे वाटतात. सहा टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला १८,००० येतात, म्हणजे महिन्याला १,५००. तेवढ्यात आज गॅस आणि दूधही भागत नाही. तेव्हा एकरकमी घ्यायचे असेल तर आधी दरमहा किती लागतात, किती वर्षे लागतात, याचा गुणाकार करा. नवऱ्याची नोकरी कायम नसेल, तो गाव सोडून जाण्याची भीती असेल, तर एकरकमी बरी. सरकारी किंवा कायम नोकरी असेल तर दरमहा बरी. एकरकमी घेतलीच तर ती भावाच्या धंद्यात घालू नका, भिशीत घालू नका. स्वतःच्या नावावर बँकेत किंवा पोस्टात ठेवा.

दरमहा घेताना महागाईची अट घाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा रकमेत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ ठरवून दिली. अशी वाढ संमतीच्या अटींतही लिहून घेता येते. न लिहिल्यास परिस्थिती बदलल्यावर रक्कम वाढवून किंवा कमी करून मागण्यास न्यायालयात जाता येतेच, पण पुन्हा खेटे घालावे लागतात.

हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर गप्प बसू नका. कलम १४४ खालील थकबाकीसाठी एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. वॉरंट निघते, तरीही न भरल्यास तुरुंगवास होऊ शकतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगार जप्त होतो तेव्हा पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो, बाकीच्या भागापर्यंत जप्ती जाऊ शकते.

घर, भांडी, दागिने आणि कर्ज

'घटस्फोट झाला की निम्मी मालमत्ता बायकोला', हे दूरदर्शनवरील मालिकांमुळे पसरलेले खूळ आहे. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. गोव्यात आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि अर्ध्या हिश्श्याचा हक्क असतो. आपल्याकडे घटस्फोटाच्या वेळी पत्नीला मालमत्तेत वाटा देणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेने मंजूर केले, परंतु लोकसभेत ते मंजूर झालेच नाही. म्हणून आपल्याला एकेक वस्तू वेगळी काढून पाहावी लागते.

स्त्रीधन : लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर तिला माहेरून, सासरहून, नातेवाइकांकडून मिळालेले दागिने, रोख, कपाट, भांडी ही तिची स्वतःची. यात निम्मे-निम्मे नाही, सगळे तिचे. सासूच्या ट्रंकेत ठेवले म्हणून सासूचे होत नाही. परत न दिल्यास तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले. लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचा निकाल न्यायालय कलम २७ खाली लावते. म्हणून आमची सूचना अशी की, लग्नात रुखवत व अहेराची यादी करतो तिची एक प्रत मुलीच्या जवळ राहू द्या. पावत्या आणि फोटो जपून ठेवा.

राहते घर : प्रथम कागद कोणाच्या नावावर आहे ते पाहा. दोघांच्या नावावर असेल तर तिचा हिस्सा आहेच, घटस्फोटाने तो जात नाही. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमांत तर स्पष्ट तरतूद आहे की, पुनर्वसनाचे घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त मालकीचे राहील आणि सोसायटीच्या नोंदीत, भाग प्रमाणपत्रावरही तसेच लिहिले जाईल. आपल्या किती घरांत ते प्रमाणपत्र बायकोने डोळ्यांनी पाहिले आहे? आज संध्याकाळी काढून पाहा. आमच्या ताई कायद्याने पत्नी आहेत, तर त्या कागदावर दुसऱ्या बाईचे नाव कसे लागले, हा प्रश्न आम्ही आता लेखी विचारणार आहोत.

घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल आणि बायकोने दागिने मोडून, पगारातून हप्ते भरून त्यात भर घातली असेल, तर त्या पैशाचा पुरावा हवा. सोनाराची पावती, बँकेचे पासबुक, हप्त्याची चलने. पती-पत्नीच्या मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयच ऐकू शकते. घर सांभाळून, मुले वाढवून नवऱ्याला कमवायला मोकळे करणे, हाही मालमत्तेतला वाटाच आहे, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आणि त्या स्त्रीचा अर्धा हिस्सा मानला. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळते.

कर्ज : मालमत्तेबरोबर कर्जाचेही वाटप होते, हे सगळे विसरतात. बचत गटाचे कर्ज बायकोच्या नावावर, त्यातून घेतलेली रिक्षा नवऱ्याच्या नावावर. नवरा रिक्षा घेऊन गेला, हप्ता बाईच्या डोक्यावर. आमच्या पाहण्यात अशी तीन घरे आहेत. तडजोडीत लिहून घ्या : ज्याची रिक्षा त्याचा हप्ता. मात्र तडजोड झाली तरी कर्ज देणारा कागदावरच्या नावालाच धरतो, म्हणून आधी कर्ज फेडून घेणे किंवा नाव बदलून घेणे हेच खरे.

मुले : आईने हक्क सोडला म्हणून मुलांचा सुटत नाही. मुलांची पोटगी आईला माफ करता येत नाही, ती तिची नव्हेच. वडिलांच्या मालमत्तेतील मुलांचा वारसाहक्कही आईबापांच्या घटस्फोटाने जात नाही, आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

बंधूंसाठी दोन शब्द

हे सदर एकतर्फी आहे, असे काही बंधू म्हणतील. तसे नाही. हमालाचे, सफाई कामगाराचे चौदा हजार आणि घरात म्हातारी आई, अशा माणसाकडून पंचवीस हजार मागणे हाही अन्यायच. शपथपत्र दोघांनाही आहे ते याचसाठी. बायकोनेही आपली कमाई लपवू नये, खर्च फुगवू नये. पण ज्याला आपली बाजू खरी वाटते त्याने पगारपत्रक लपवण्याचे कारण काय? आणि भांडण बायकोशी असले तरी लेकरांची शाळेची फी थांबवू नका. ते पैसे बँकेतून भरा आणि पावती ठेवा. उद्या तीच पावती तुमच्याही बाजूने बोलेल.

कोठे जावे, काय न्यावे

पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या न्यायालयात त्यांचे कार्यालय असते. साधा अर्ज करायचा. पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद अशा दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

सोबत न्यावयाचे कागद : लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले, आधार, शिधापत्रिका, नवऱ्याच्या कामाच्या ठिकाणाचा पत्ता व मिळाल्यास पगारपत्रक, घराचे कागद, पासबुके, दागिन्यांच्या पावत्या, आणि मागील तीन महिन्यांचा घरखर्च एका वहीत. भाडे, किराणा, गॅस, शाळा, दवाखाना, प्रवास. ही वही आजपासूनच लिहायला घ्या. संसार सुखाचा असला तरी लिहा. घरखर्च कोणी लिहिला म्हणून कोणाचा संसार मोडत नाही.

समितीच्या लोकांना विनंती

आपण भांडण ऐकावे, समेटाचा प्रयत्न जरूर करावा. मारहाण होत असेल तर मात्र समेटाच्या नावाखाली बाईला परत पाठवू नये. वेगळे होणेच ठरले तर स्टँप पेपरवर 'हक्क राहिला नाही' हे वाक्य लिहू नये, साक्षीदार म्हणून सही करू नये. दोघांच्या उत्पन्नाचा, मालमत्तेचा आणि कर्जाचा तक्ता मांडून द्यावा आणि दोघांना न्यायालयात न्यावे. बैठकीला निदान दोन-तीन स्त्रिया असाव्यात. त्या रात्री आमच्या बैठकीत नऊ पुरुष होते आणि बोलणारी बाई एकही नव्हती. ताई कोपऱ्यात बसल्या होत्या, पदराआड. आम्ही त्यांच्या गप्प बसण्याला 'राजीखुशी' असे लिहिले.

ताईंना घेऊन आम्ही परवा विधी सेवा कार्यालयात जाऊन आलो. वकील बाईंनी तो कागद नीट वाचला आणि म्हणाल्या, "समोरची बाजू म्हणेल की हे संमतीने वेगळे राहत होते, मग पोटगी कशाची. मुलांच्या पोटगीला याने बाध येत नाही. ताईंसाठी मात्र, ही संमती कशी घेतली गेली ते सांगणारा कोणीतरी लागेल." मग त्यांनी खालच्या सहीवर बोट ठेवून विचारले, "हे साक्षीदार कुठे भेटतील?"

आम्ही समोरच बसलो होतो. साक्ष द्यायचे आम्ही कबूल केले आहे. त्या रात्री नेमके काय घडले, मसुदा कोणी लिहिला, ताईंना वाचून दाखवला की नाही, हे सगळे आम्ही शपथेवर सांगणार आहोत. (वाचून दाखवला नव्हता.) समितीतले एक-दोन जुने सहकारी नाराज झाले आहेत. 'आपलीच अब्रू चव्हाट्यावर कशाला?' असे म्हणतात. पंचशीलातले चौथे शील आम्ही दर रविवारी म्हणतो, एवढेच उत्तर त्यांना दिले.

मुलीची फी भरण्याची शेवटची तारीख जवळ आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज दाखल झाला. तोवर फीचे पैसे आम्ही दोघा साक्षीदारांनी निम्मे-निम्मे भरले. उपकार म्हणून नव्हे, आमच्याकडचे येणे होते, त्यातला हा पहिला हप्ता.

ज्या वाचकांच्या घरात असा कागद कपाटात पडून असेल त्यांनी तो फाडू नये, जाळू नये. घेऊन जवळच्या विधी सेवा कार्यालयात जावे. आणि ज्यांनी आमच्यासारख्या सह्या केल्या आहेत त्यांनी त्यांच्या सोबत जावे.

जयभीम!